नावेच्या गिअरची केबल: दुचाकीची सवय सोडून पाना हातात घ्या

मागच्या जूनमध्ये चिकोडी तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावातला पोरगा माझ्याकडे आला. घरची फायबरची नाव, मागं बाहेरून टांगलेलं आउटबोर्ड इंजिन, पावसाळा तोंडावर. म्हणाला, "मामा, गिअरचा लिव्हर दगड झालाय. दोन दिवस केबलीत ऑइल सोडूलोय, काय फरकच पडंना बघा."

ऑइल सोडूलोय म्हणाला तिथंच निम्मं दुखणं कळलं. बेळगाव, निपाणी, अथणी, कुठलंही गाव घ्या, आपल्याकडे प्रत्येकाचा हात आधी दुचाकीवर बसलेला असतो. क्लचची केबल कडक झाली की वरच्या टोकाला कागदाचं नरसाळं करून ऑइल सोडायचं, सैल पडली की नट फिरवून ढिलाई काढायची. हे शाळकरी पोरालाही येतं. ती विद्या नावेला लावली की चांगली केबलही बिघडते. हा लेख पहिल्यांदा नाव हाताळणाऱ्यांसाठी आहे, पण खरं सांगायचं तर ज्यांना दुचाकी चांगली येते त्यांनी तो जास्त लक्ष देऊन वाचावा.

फरक काय, ते बघू. दुचाकीची केबल फक्त ओढते. परत नेण्याचं काम पलीकडची स्प्रिंग करते. नावेची गिअर केबल ओढतेही आणि ढकलतेही. लिव्हर पुढं केला की ती एका बाजूला जाते, मागं घेतला की दुसऱ्या बाजूला, आणि परत आणायला स्प्रिंग नाही. त्यामुळे आतली तार जाड आणि ताठ असते, बाहेरचं कवच दणकट असतं आणि दोघांच्या मध्ये प्लास्टिकचं अस्तर असतं. हे अस्तर मुळातच गुळगुळीत असतं, त्याला ऑइल लागत नाही. वरून सोडलेलं ऑइल धूळ धरतं, त्यात आपला नदीचा बारीक गाळ मिसळतो आणि आत लापशी तयार होते. ग्रीस लावायचं ते फक्त दोन्ही टोकांना बाहेर दिसणाऱ्या चकचकीत दांड्यांना आणि सांध्याच्या पिनांना, तेही पाण्यात न धुपणारं मरीन ग्रीस.

दुसरा फरक यातूनच येतो. इथं ताण नावाची गोष्टच नाही. इथं प्रश्न जागेचा आहे: लिव्हर न्यूट्रलला असताना केबलीचं टोक नेमकं कुठं थांबलं पाहिजे? सगळी जुळणी त्या एका जागेपासून सुरू होते.

खाली पाण्यात काय चाललंय तेही डोळ्यांसमोर असू द्या. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) दांड्यावर दोन गिअर असतात, एक पुढचा, एक मागचा. इंजिन चालू असलं की दोन्ही कायम फिरत असतात, एकमेकांच्या उलट दिशेनं. मध्ये दातांची एक कडी सरकते, तिला डॉग क्लच म्हणतात. ती एका गिअरच्या दातांत अडकली की नाव पुढं, दुसऱ्याच्या दातांत अडकली की मागं, मधोमध राहिली की न्यूट्रल. ट्रॅक्टरला उसाची भरलेली ट्रॉली असताना क्लच आपण हळूहळू सोडतो, तसं इथं करायचं नाही. हळू टाकलात तर दात दातांवर घासतात आणि कर्रर्र आवाज येतो. इंजिन मंद गतीला आणायचं आणि लिव्हर एका दमात, खट्टकन टाकायचा. नवशिक्यांच्या निम्म्या तक्रारी केबलीच्या नसतातच, या भीत भीत टाकण्याच्या असतात.

आपल्या भागातलं आणखी एक. कारवारच्या बाजूला केबलीला मीठ खातं. कृष्णा, दूधगंगा, घटप्रभा गोड्या पाण्याच्या, तेव्हा मिठाचं दुखणं आपल्याला नाही. आपल्याकडे खातो तो गाळ, आणि त्याहून जास्त खातं ते बसून राहणं. कित्येक नावा पुरापुरत्या बाहेर येतात आणि उरलेले आठ-नऊ महिने कडब्याच्या शेजारी शेडमध्ये पडून असतात. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर ओसरल्यावर चिखलासकट आत ढकललेल्या नावा मी पाहिल्यात. पुढच्या वर्षी त्यांचे लिव्हर हलेनात यात नवल काय? गुळाच्या काहिलीत बसून पूर ओलांडलेली माणसं आपल्याकडे अजून आहेत. काहिलीला गिअर नव्हता, हे तिचं एक सुख.

हात घालण्यापूर्वी

किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवा. इंजिन बंद करणारी सुरक्षा-दोरी काढा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा आणि स्पार्क प्लगच्या टोप्याही उपटून ठेवा, कारण या कामात एकाला पंखा हातानं फिरवायचा असतो. गिअर पडलेला असताना पंखा फिरवला की इंजिनही फिरतं, आणि गरम इंजिन एखादा ठोका मारू शकतं. बोटं जायला एक ठोका पुरतो.

काम दोघांचं आहे. एक लिव्हरवर, एक पंख्यावर, आणि मध्ये पंधरा फुटांची नाव. तेव्हा शब्द आधी ठरवा. आमच्याकडे लिव्हरवरचा मराठी आणि पंख्याजवळचा कन्नड असं नेहमी होतं. एक "पुढं" म्हणतो, दुसरा "मुंदे", आणि घाईत "हिंदे"ला, म्हणजे "मागं"ला, "हं, दे" असं ऐकून कुणीतरी भलताच गिअर टाकतो. हसू येतं, पण पंख्यात हात असलेल्याला येत नाही. कुठल्याही भाषेतले तीन शब्द ठरवा आणि समोरच्यानं तोच शब्द परत उच्चारल्याशिवाय लिव्हर हलवू नका.

खरंच केबलच आहे का?

पहिल्यांदा पंख्याकडे बघा. केंदाळाचा गुंता, मासेमारीची नायलॉनची दोरी, तुटलेल्या जाळ्याचा तुकडा पंख्याच्या मुळाशी बसला की नाव ओढत नाही आणि माणूस केबलीला शिव्या घालतो. पंखा काढून मागं बघा. बारीक नायलॉन तिथल्या ऑइल सीलपर्यंत शिरलं असेल तर खालच्या, म्हणजे पाण्यातल्या गिअरच्या पेटीतल्या ऑइलमध्ये पाणी जातं. ऑइल दुधाळ दिसलं तर ते काम वेगळं आणि जास्त तातडीचं.

इंजिन जोरात गरजतं पण नाव जागेवरच, असं असेल तर गिअर सुटतोय की पंख्याचं बूश, ते ओळखा. बहुतेक पंख्यांच्या मध्यभागी रबरी बूश असतं. ते सुटलं की दांडा फिरतो आणि पंखा मागं राहतो. पंख्याच्या मधल्या तुंब्यावर आणि दांड्याच्या टोकावर एका ओळीत मार्करनं रेघ मारा, नाव थोडी चालवा, मग बघा. रेघ सरकली असेल तर केबल निर्दोष आहे.

स्टार्टर मारला की काहीच होत नाही? लिव्हर न्यूट्रलला आहे असं तुम्हाला वाटतंय, पण न्यूट्रलच्या स्विचला तसं वाटत नसेल. गिअरमध्ये असताना इंजिन सुरू होऊ नये म्हणून हा स्विच दिलेला असतो. स्टार्टर मारताना लिव्हर किंचित पुढं-मागं करून बघा. एखाद्या ठिकाणी इंजिन फिरलं तर जुळणी सरकल्याची शक्यता मोठी. हा स्विच जोडून टाकून थेट करून देणारे मेकॅनिक भेटतील. तसं करू देऊ नका.

कडकपणा कुठं आहे: तीन तुकडे

लिव्हरपासून गिअरपर्यंत तीन भाग आहेत: लिव्हरची पेटी, केबल, आणि इंजिनाच्या आतला गिअरचा हात. कुठला भाग अडतोय ते अंदाजानं ठरवू नका.

इंजिनाचं झाकण काढा. केबलीचं टोक गिअरच्या हातावरच्या पिनवर बसलेलं दिसेल, स्प्लिट पिन किंवा क्लिप लावलेली. मोबाइलवर दोन-तीन बाजूंनी फोटो काढा, जोडताना लागतील. क्लिप काढा, टोक पिनवरून अलगद उचला. आता लिव्हर हलवा. अजूनही दगड? मग दोष केबलीत किंवा पेटीत. हलका झाला? मग दोष इंजिनाच्या बाजूला. गिअरचा हात हातानं हलवून बघा, पण त्या वेळी दुसऱ्याला पंखा फिरवत ठेवायला सांगा. पंखा स्थिर असताना दातांवर दात आला की गिअर पडतच नाही, आणि जोर लावला की आतला दांडा वाकतो. बंद इंजिनावर गिअर टाकताना पंखा फिरता ठेवायचा, हा नियम प्रत्येक वेळी पाळा.

दोष केबल-पेटीच्या बाजूला निघाला तर पेटी उघडून केबलीचं ते टोकही सोडा. आता केबल मोकळी आहे. दांडा हातात धरून आत-बाहेर करा. चांगली केबल दोन बोटांनी सरकते. हात लावून ओढावी लागली, मध्येच अडली, किंवा करकरली तर ती गेली. धुऊन, गरम करून, पेट्रोल सोडून ती परत येत नाही. चार दिवस बरी वाटते आणि पुराच्या धारेत दगा देते. नवी घ्या. इथं काटकसर करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्या नावेत बसत नाही.

जुनी केबल टाकून देण्याआधी तिच्या वाटेवरून मात्र एकदा हात फिरवा. कुठं केबल टाय करकचून आवळलाय का, कुठं टाकीखाली चेंगरलीय का, उंदरानं कवच कुरतडलंय का? त्या पोराच्या नावेत पहिला दोष हाच निघाला. सीटखाली बॅटरीची पेटी नवीन बसवताना केबल तिच्या कोपऱ्यावरून काटकोनात वळवली होती. वळण सोडवलं आणि लिव्हर निम्मा हलका झाला. उरलेला निम्मा जडपणा त्यानं स्वतः ओतलेल्या ऑइलच्या लापशीचा होता, आणि त्यासाठी शेवटी केबल बदलावीच लागली.

लिव्हर कडक नाही, उलट खुळखुळीत असेल, म्हणजे तीन-चार बोटं हलतो तरी इंजिनापाशी हालचाल नाही, तर पिन, नळीवरचं पितळी बॅरल आणि बाहेरच्या नळीला (कवचाला) धरून ठेवणारे क्लॅम्प बघा. नळीच जागची हलत असेल तर आतली तार कितीही चांगली असून उपयोग नाही. स्क्रू आवळून काम भागतं, बऱ्याचदा पाच मिनिटांत.

जुळणी

केबल चांगली आहे, पण गिअर अर्धवट पडतो, सुटतो, किंवा न्यूट्रलला नाव हळूहळू सरकते. आता जुळणी करायची.

लिव्हर न्यूट्रलला आणा. पेटीतली खाच बसल्याची टक्क जाणीव झाली पाहिजे. केबलीचं इंजिनाकडचं टोक पिनवरून काढा. गिअरचा हात हातानं मधल्या खाचेत आणा आणि पंखा दोन्ही दिशांना मोकळा फिरतोय याची खात्री करा. एका दिशेला जरी टकटक आली तरी ते न्यूट्रल नाही. किती तरी पुढच्या गिअरांत पंखा एका दिशेला टकटकत फिरतो आणि दुसऱ्या दिशेला अडतो. त्या टकटकीला न्यूट्रल समजून पुढं गेलात तर सगळी जुळणी वाकडी.

आता जे करायचं ते नवशिके आणि बरेच जुनेही टाळतात. लिव्हर न्यूट्रलला स्थिर ठेवून केबलीचं टोक बोटानं आत ढकला, विरोध लागेपर्यंतच. तिथं दांड्यावर मार्करनं खूण करा. मग बाहेर ओढा, विरोध लागेपर्यंत. दुसरी खूण. नव्या केबलीतही या दोन खुणांमध्ये थोडं अंतर असतं, कारण तार आणि अस्तर यांच्यात जागा असते. पट्टीनं मोजून त्या अंतराचा मध्य काढा आणि टोक त्या मध्यावर ठेवा. जुळणी या मध्याला धरून करायची.

मध्य का, ते मी महागात शिकलो. सुरुवातीच्या दिवसांत मी दुचाकीच्या सवयीनं ढिलाई सगळी एका बाजूला काढून टाकली. पुढचा गिअर असा पडायचा की काय सांगू. घाटावर येताना मागचा टाकला, दात अर्धेच अडकले, कर्रर्र करून सुटले आणि नावेचं नाक पायरीवर आपटलं. माणसं सावरून बसलेली होती म्हणून निभावलं. पण त्या एका आठवड्यात दातांच्या कडा गोल झाल्या, आणि कडा गोल झालेला क्लच पुढं केबल कितीही नेमकी जुळवली तरी गिअर धरत नाही. खालची पेटी उघडावी लागली.

तर, टोक मध्यावर, गिअरचा हात न्यूट्रलला. आता टोकाचं भोक पिनच्या समोर येतंय का? काही इंजिनांत टोकाचा सांधा आट्यांवर फिरवून लांबी कमी-जास्त होते, काहींत नळीवरचं पितळी बॅरल फिरवून. जे असेल ते फिरवा. भोक आपणहून पिनवर उतरलं पाहिजे. अंगठ्यानं थोडं रेटून बसतंय म्हणजे जमलं नाही, अजून एक फेरा द्या. सांधा फिरवताना आटे पुरेसे आत राहिलेत का तेही मोजा. यामाहा आपल्या इंजिनांसाठी किमान ८ मिलिमीटर आटे आत हवेत असं सांगते. दुसऱ्या कंपनीचं इंजिन असेल तर त्याच्या पुस्तकातला आकडा पाळा. आटे अपुरे पडत असतील तर केबलीची लांबीच चुकलीय किंवा क्लॅम्प चुकीच्या खाचेत बसलाय.

चेक नट आवळा. स्प्लिट पिन नवी वापरा. जुनी सरळ करून परत घातलेली पिन, तारेचा तुकडा किंवा बायकोची केसांची पिन, हे तिन्ही मी पाहिलंय आणि तिन्हींचा शेवटही.

तपासणी

पुढचा गिअर, पंखा फिरवत ठेवून. पंखा निदान एका दिशेला अडला पाहिजे. न्यूट्रल, पंखा मोकळा. मागचा गिअर, पंखा दोन्ही दिशांना अडला पाहिजे. न्यूट्रल, परत मोकळा. न्यूट्रलला पुढून येऊन बघा आणि मागून येऊनही बघा. केबल झिजलेली असली की एकीकडून येताना बरोबर थांबते आणि दुसरीकडून येताना थोडी अलीकडे राहते.

एकाच लिव्हरवर गिअर आणि वेग दोन्ही असतील तर आधी गिअर पूर्ण पडून मगच वेग वाढायला लागला पाहिजे. आधीच इंजिन गरजायला लागलं तर वेगाची केबल जुळवायची राहिलीय.

यानंतर इंजिन पूर्ण वर उचला, दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवा आणि केबल कुठं ताणते का बघा. ताणत असेल तर वळताना गिअर आपोआप सरकेल.

मग पाणी. कोरड्यात इंजिन चालवून बघण्याचा मोह आवरा. थंडाव्याचं पाणी खेचणारा रबरी पंखा कोरडा फिरला की काही क्षणांत जळतो. नाव काठाला पुढून-मागून दोन दोऱ्यांनी बांधा आणि मंद गतीला पुढं, न्यूट्रल, मागं, न्यूट्रल असं दहा वेळा करा. मध्ये न्यूट्रलला क्षणभर थांबा. दहाही वेळा खट्ट आवाज सारखा आला तर दोऱ्या सोडा.

नवी केबल आणायला जाताना

जुनी केबल पिशवीत घालून सोबत न्या. तिच्या कवचावर क्रमांक आणि बहुधा लांबी छापलेली असते, मळ पुसला की दिसते. आखूड चालत नाही. फार लांब घेतली तर तिचे वळसे मारावे लागतात आणि प्रत्येक वळशाला घर्षण वाढतं. नेहमीच्या ३३सी जातीच्या केबलीला वळणाची त्रिज्या किमान ८ इंच, म्हणजे २० सेंटीमीटर लागते. घरातली मोठी परात डोळ्यांसमोर आणा. तिच्या काठापेक्षा आवळ वळण कुठंही नको.

आट्यांचा एक घोळ सांगतो, कारण आपल्याकडे बेळगावची उद्यमबाग औद्योगिक वसाहत आहे आणि हवा तो नट मिळतो. ३३सी केबलीच्या टोकाला बहुतेक वेळा १०-३२ चे इंची आटे असतात: जाडी ४.८३ मिलिमीटर, इंचाला ३२ आटे. आपल्या ५ मिलिमीटरच्या साध्या नटाचे आटे ०.८ मिलिमीटर अंतराचे, याचे ०.७९. त्यामुळे आपला नट त्यावर सुरळीत चढतो, अगदी छान बसल्यासारखा वाटतो, आणि जोर आला की निसटतो. नट न अडता चढला म्हणजे तोच नट, असं इथं समजू नका. केबलीबरोबर आलेलाच वापरा.

धारेत केबल तुटली तर

झाकण काढून चालू इंजिनात हात घालून गिअर टाकायला जाऊ नका. वर फ्लायव्हील फिरत असतं आणि नाव हलत असते. इंजिन बंद करा, नांगर टाका, मग बघा. वल्ही, लांब बांबू आणि नांगर नावेत नसतील तर केबल नवीकोरी असली तरी पुराच्या पाण्यात नाव घालू नका.

हंगाम संपल्यावर

नाव आत ढकलण्याआधी केबलीची दोन्ही टोकं स्वच्छ पाण्यानं पुसून, वाळवून, दांड्यांना पातळ ग्रीस लावा. फवाऱ्याचं जोराचं पाणी नळीच्या तोंडात मारू नका, गाळ आत जातो. महिन्यातून एकदा लिव्हर पुढं-मागं करा, पंखा फिरवायला पोराला बसवून. कडबा आणि नाव एका शेडमध्ये असेल तर केबलीच्या वाटेवर उंदराची लेंडी दिसते का, तेही त्याच फेरीत बघा. आणि इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला प्लास्टिकखाली एक कागद चिकटवा: केबलीचा क्रमांक, लांबी, आट्यांचा प्रकार, बदलल्याचा महिना. जुलैत पावसात भिजत दुकानदाराला फोनवर हेच सांगावं लागतं.